नळाच्या दिवशीचा आकडा

मित्रांनो, मी शिशाचा एक जुना गोळा आहे. वजन साडेनऊ किलो, आकार सोललेल्या नारळाएवढा, रंग राखेसारखा. इंदूरच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या शेवटच्या खोलीत राहतो. मला तोंड नाही, हात नाहीत. एरवी त्याचं वाईट वाटलं नसतं. पण मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती एका मुलीच्या बाजूनं सांगायला हवी होती, आणि ज्या दिवशी सांगायला हवी होती त्या दिवशी मी लाकडी स्टँडवर गप्प बसून राहिलो. माझा नाइलाज होता. त्या खोलीत तोंडं असलेलीही बरीच माणसं होती. ती का गप्प बसली ते त्यांना विचारा.

सगळं सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा उगाच चिडतोय.

मी आधी गोळा नव्हतो. पूर्वी जमिनीखालून टेलिफोनच्या जाड केबल जायच्या आणि त्यांच्यावर शिशाचं वेष्टन असायचं. ते वेष्टन म्हणजे मी. तीस वर्षं माझ्या पोटातून लोक बोलत होते. कोणाचं लग्न जमलं, कोण गेलं, कोणाची बदली महूला झाली. ऐकायची सवय मला तिथूनच लागली. मग नव्या तारा आल्या, रस्ते खणले, मला ओढून बाहेर काढलं आणि भंगाराच्या ढिगावर फेकलं.

तिथून मला भाऊरावांनी उचललं. भाऊराव म्हणजे या प्रयोगशाळेचे अटेंडंट. त्यांचे वडील महूला फौजेच्या वर्कशॉपमध्ये ओतारी होते, त्यामुळे धातू वितळवणं आणि साच्यात ओतणं भाऊरावांच्या हातात लहानपणापासून होतं. सुदामा नगरातल्या घराच्या मागच्या अंगणात त्यांनी वाळूत गुळाचं पाणी कालवून साचा बनवला. शिशाचा धूर विषारी असतो, तो घराकडे वळला तेव्हा त्यांच्या पत्नी कौसल्याबाई तोंडाला पदर लावून ओरडल्या, "लेकरू आहे घरात! अजून एकदा धूर आत आला ना, तर तुम्हालाच ओतीन त्या साच्यात!"

भाऊराव हसले आणि त्यांनी भट्टी कुंपणापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर नेली.

पहिल्या खेपेला माझ्या पोटात हवेचा फुगा राहिला. वरून काही दिसत नव्हतं. त्यांनी मला तोललं, वजन आणि आकार यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी मला पुन्हा वितळवलं. म्हणाले, "पोटात पोकळी असली की गोळा खोटं बोलतो." दुसऱ्या खेपेला मी भरीव निघालो. पाठोपाठ माझ्यासारखाच दुसरा ओतला, अगदी तेवढ्याच वजनाचा. तो माझा जोडीदार.

आम्हाला बनवून घेतलं सुलोचना मॅडमनी. त्या तेव्हा विभागप्रमुख होत्या. दोन वस्तू एकमेकींना ओढतात, ती ओढ इथल्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावी, असा त्यांचा हट्ट होता. त्यांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं आणि भाऊरावांनी यंत्र उभं केलं. काचेच्या पेटीत केसाहून बारीक तार. तारेला एक हलकी आडवी दांडी. दांडीच्या दोन्ही टोकांना बोराएवढे दोन चिमुकले गोळे. दांडीच्या मध्यावर एक छोटा आरसा. आरशावर लाल लेझरचा ठिपका पडतो आणि उलटून समोरच्या भिंतीवरच्या पट्टीवर जातो. पेटीच्या बाहेर, फिरत्या स्टँडवर, आम्ही दोघे मोठे. आम्हाला चिमुकल्यांजवळ नेलं की ते आमच्याकडे सरकतात, तार किंचित पिळते, आरसा वळतो आणि पट्टीवरचा ठिपका चालू लागतो. मग आम्हाला फिरवून उलट बाजूला न्यायचं, ठिपका उलटा चालतो. तो एकूण किती सरकला, त्यावरून ओढ काढायची.

ही ओढ किती असते सांगू? खसखशीच्या एका दाण्याचे दोन हजार तुकडे करा. त्यातल्या एका तुकड्याचं जे वजन, तेवढी. तुम्ही पेटीजवळ शिंकलात तरी दिवस वाया.

जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते, मित्रांनो. तुमचं दप्तर बाकाला ओढतं, बाक दप्तराला तेवढंच ओढतो. वस्तुमान दुप्पट केलं की ओढ दुप्पट होते. अंतर दुप्पट केलं की ओढ चौथाई उरते, आणि तिप्पट केलं तर नववा हिस्सा. अंतर मोजायचं ते एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत. तो चिमुकला मला जेवढा ओढतो तेवढाच मी त्याला ओढतो, पण मी जड, म्हणून जागचा हलत नाही. तो हलका, म्हणून त्याला यावं लागतं. माणसांतही असंच असतं असं मी पुढे पाहिलं.

तुम्ही म्हणाल, मग पृथ्वीचं काय? पृथ्वी त्या चिमुकल्याला माझ्याहून साडेबारा कोटी पट जोरानं ओढते. पण ती खाली ओढते आणि तो भार तार पेलते. आडव्या दिशेला मैदान मोकळं राहतं, तिथे माझ्यासारख्याचीही ओढ दिसते. ही ओढ कोणाचा हुद्दा विचारत नाही, आडनाव विचारत नाही. दोनच गोष्टी विचारते: तू किती आहेस, आणि किती लांब आहेस.

सुलोचना मॅडमच्या वेळेला मुलं पहाटे येऊन मोजायची. सगळी मोजणी करून शेवटी एक आकडा निघतो. पुस्तकात तो ६.६७ दिलेला आहे. त्याच्यापुढे दहाचे घात वगैरे असतात, ते सोडा. मुलांचा कधी ६.४ यायचा, कधी ६.९. मॅडम रागवत नसत. विचारत, "चूक कुठून आत शिरली? शोधा आणि ते लिहा. गुण त्याचेच आहेत." एकदा त्यांनी सगळ्यांसमोर भाऊरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊरावजी, असं यंत्र मी मोठमोठ्या ठिकाणी पाहिलं नाही." भाऊराव दिवसभर उगाच मला पुसत होते.

मग मॅडम रिटायर झाल्या आणि शरदचंद्र सर विभागप्रमुख झाले.

सर दुष्ट माणूस असते तर माझं काम सोपं झालं असतं. ते वेळेवर येत, राजेंद्र नगरहून स्वतःचा डबा आणत, कोणाला आवाज चढवून बोलत नसत. पण ते भित्रे होते. तपासणीची समिती येणार, निकाल दिसला पाहिजे, सगळ्यांचा आकडा पुस्तकासारखा आला पाहिजे. समिती कधीमधी यायची, भीती रोज यायची. हळूहळू मुलांत एक काळी वही फिरू लागली. त्या वहीत आधी उत्तर लिहिलेलं होतं, ६.६७. त्यावरून उलटं गणित करून रीडिंग बनवलेले होते. दरवर्षी नवी पोरं तीच वही उतरवायची, शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे करायची आणि वीसपैकी एकोणीस घेऊन जायची. सरांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

आणि मी? मला दाराला लावलं होतं. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. सहा वर्षं मी दाराचा दगड होतो आणि जोडीदार कपाटात पडून होता. ओढ मोजणारा गोळा, आणि पोरं येताजाता पायानं सरकवायची.

मग संबोधी आली. भाऊरावांची मुलगी. माझ्या जन्माच्या वेळी घरात होतं म्हणून कौसल्याबाई ओरडल्या होत्या, ते लेकरू हेच. आता ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा ती सरळ दाराशी आली, वाकली, दोन्ही हातांनी मला उचललं आणि छातीशी धरलं.

रजत नावाचा तिचा वर्गमित्र टेबलावर बसून पाय हलवत होता. "अरे यार, हा प्रयोग घेते तू? काळी वही आहे ना भिया, अर्ध्या तासाचं काम!" इंदुरात भिया म्हणजे भाऊ, पण मुलींनाही तेच म्हणतात.

"मला मोजायचंय," ती म्हणाली.

"काय मोजायचं? उत्तर तर माहीत आहे ना सगळ्यांना."

"तुला माहीत आहे. मी बघितलेलं नाही."

रजत हात जोडून म्हणाला, "धन्य हो देवी! सुबह उठवू नको फक्त."

खरंच ती सकाळी सहाला यायची, रस्ता शांत असताना. भाऊरावांनी तार बदलली, काच पुसली. ती आम्हाला एका बाजूला लावून जवळजवळ सव्वा तास नुसती बसायची, ठिपका स्थिर होईपर्यंत. सव्वासातला पहिलं रीडिंग. मग आम्हाला अगदी सावकाश फिरवायची. पुन्हा वाट. नऊला दुसरं रीडिंग. मित्रांनो, सहा वर्षांनी चिमुकला माझ्याकडे सरकला तेव्हा मला काय वाटलं ते सांगत बसत नाही.

आठ सकाळी झाल्या. तिच्या वहीत आकडे असे: ६.६२, ७.१२, ६.७०, ७.०८, ६.६५, ७.१५, ६.६१, ७.१०. एक दिवस पुस्तकाजवळ, दुसऱ्या दिवशी लांब. तिनं सगळे जसेच्या तसे लिहिले आणि सरांना दाखवले.

सरांनी चष्मा पुसला. "संबोधी, हे काय आहे?"

"सर, असेच येतायत. कारण कळत नाही अजून."

"हा विश्वाचा स्थिरांक आहे बेटा, भाजीचा भाव नाही रोज बदलायला. एक दिवस बरोबर, एक दिवस चूक? हे बनवलेले रीडिंग आहेत." मग हळूच म्हणाले, "आणि बनवायचेच होते, तर नीट तरी बनवायचे."

ऐकलंत? ज्यानं रीडिंग बनवले त्याला एकोणीस. जिनं नाही बनवले तिच्यावर बनवल्याचा आळ. कारण खऱ्या आकड्यांना वाकडं यायची मुभा असते आणि खोटे नेहमी सरळ रांगेत उभे असतात.

आणि मला कारण माहीत होतं! आठही दिवस माहीत होतं! एक दिवस आड सकाळी साडेसातला भिंतीपलीकडे काहीतरी जड व्हायला लागायचं, हळूहळू, तासभर, आणि चिमुकले तिकडे खेचले जायचे. थोडेसेच. पण इथे सगळंच थोडंसं असतं. मी ओरडत होतो. शिसं ओरडतं तेव्हा कोणाला ऐकू येत नाही.

दहाव्या दिवशी ती वही मांडीवर घेऊन बसली होती. हरी नावाचे जुने शिपाई चाव्यांचा जुडगा घेऊन तिच्या दारावरून चालले होते.

"हरी काका, तुम्ही कालच्या सकाळी नव्हता. परवा होता. आज आहात."

"अरे बेटा, मी काही चोरी थोडीच करतो! एक दिवस आड येतो, वॉल्व खोलतो, टाकी भरून घेतो. नर्मदेचा नळ एक दिवस आडच येतो ना. कॉलेजच्या बाथरूमला पाणी नको का?"

संबोधीनं वहीतल्या तारखांवर बोट ठेवलं. "काका, बारा तारखेला नळ होता?"

"बारा... हो. त्या दिवशी माझी चप्पल तुटली होती."

"तेरा?"

"तेरा कोरडा."

"चौदा?"

"अरे चौदा होताच ना मग. एक दिवस आड म्हटलं मी. कॉलेजात शिकते का तू?"

"काका, टाकी कुठे आहे?"

हरींनी तिच्या पाठीमागच्या भिंतीवर चाव्यांनी ठोकलं. "या भिंतीच्या मागे. सिमेंटची. पाच हजार लिटर."

ती उठली, तिनं भिंतीला तळहात लावला. "पाच हजार किलो," ती म्हणाली. "पहिलं रीडिंग रिकाम्या टाकीबरोबर. दुसरं भरलेल्या टाकीबरोबर."

मला वाटलं माझ्या आतलं शिसं पुन्हा वितळतंय.

पुढच्या नळाच्या दिवशी तिनं पुरावा काढला. आम्हा दोघांना तिनं खोलीतून उचलून कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं, म्हणजे आमची ओढ नावापुरतीसुद्धा उरू नये. खोलीत फक्त चिमुकले. ठिपका पट्टीवर स्थिर. हरींनी वॉल्व खोलला. दार उघडं होतं, लांबून मी सगळं ऐकत होतो. तासाभरात, कोणीही हात न लावता, ठिपका जवळजवळ एक सेंटीमीटर सरकला.

"भिया," हरी भाऊरावांना म्हणाले, "पाणीसुद्धा ओढतं?"

"सगळंच ओढतं हरी. आपण मोजत नाही, एवढंच."

तिघांनी उभ्याउभ्या पोहे खाल्ले. संबोधी खाताखाता मध्येच हसायची. इंदूरचा एक दिवस आडचा नळ तिनं काचेच्या पेटीत पकडला होता. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक सापडली नसती, कारण झालीच नसती. सुलोचना मॅडम असत्या तर त्यांनी वर्गच बंद करून सगळ्यांना भिंतीमागे नेलं असतं.

पण मॅडम नव्हत्या. तोंडी परीक्षा याच खोलीत झाली, तिला बाहेरून वासुदेव सर आले होते, उज्जैनचे, हिंदी बोलणारे. शरदचंद्र सर शेजारी बसले. आधी रजत. त्यानं वही उघडली, ६.६७. "बहुत बढ़िया." त्यानं आयुष्यात मला कधी हात लावला नव्हता. पाय लावला होता.

मग संबोधी.

"किताब में कितना है?"

"६.६७ सर."

"आपका?"

"कोरड्या दिवशी ६.६५. नळाच्या दिवशी ७.११. सर, फ़र्क़ इसलिए है कि—"

"मैंने वैल्यू पूछी है, बेटा."

"सर, दीवार के पीछे टंकी है. मोजणीच्या मध्येच ती भरते. मी गोळे काढून मोजलं, टंकी अकेली ठिपका हलवते. आप चलकर देख लीजिए सर, पंद्रह क़दम हैं. आज नळाचाच दिवस आहे."

वासुदेव सरांनी मान वर केली. मी शपथेवर सांगतो, त्या माणसाच्या डोळ्यांत क्षणभर एक पोरगा जागा झाला होता. "टंकी? दिलचस्प है. किधर?"

तेवढ्यात शरदचंद्र सर म्हणाले, "सर, कचोरी ठंडी हो रही है. और पीछे कीचड़ बहुत है."

वासुदेव सरांनी आपल्या बुटांकडे बघितलं. "चलो, बाद में देखते हैं."

बाद में! मित्रांनो, मी आजही त्या 'बाद में'ची वाट बघतोय. पंधरा पावलं. चंद्र इथून पावणेचार लाख किलोमीटर लांब असून समुद्र उचलतो, आणि दोन शिकलेली माणसं पंधरा पावलं सरकली नाहीत. बाहेर चहा पिताना शरदचंद्र सर त्यांना म्हणत होते, "आजकाल ॲडमिशन कैसे होते हैं, आप तो जानते ही हैं. पिता भी यहीं अटेंडंट हैं." एवढं बोलून गप्प झाले. पुढचं दोघांनाही कळलं होतं. मलाही कळलं.

पाच दिवसांनी कागद आला. बनावट रीडिंग, परीक्षेत अनुचित प्रकार, पदवी रोखली. खाली एक वाट ठेवली होती. तिनं लिहून द्यायचं की नोंदवलेली मापं प्रत्यक्ष प्रयोगातून आलेली नाहीत, त्याबद्दल क्षमा मागायची, आणि प्रकल्प 'दुरुस्त' करून पुन्हा द्यायचा. मग पदवी. नाहीतर दोन वर्षं कुठल्याच परीक्षेला बसता येणार नाही.

भाऊराव तो कागद घेऊन या खोलीत आले. संबोधी माझ्याशेजारी स्टुलावर बसली होती.

"सही कर बेटा."

"पप्पा, तुम्ही स्वतः बघितलं ना ठिपका हलताना?"

"बघितला."

"मग?"

"मग काय? मी बघितलं म्हणजे कोणी बघितलं?"

भाऊराव जमिनीकडे बघत म्हणाले, "तुझ्या आजोबांनी एकदा वर्कशॉपमध्ये साहेबाला सांगितलं, साचा चुकलाय. साहेब म्हणाला, नाही चुकला. आजोबा म्हणाले, ठीक साहेब. साचा चुकलेलाच होता. पण आम्ही शिकलो, खाल्लं, वाढलो."

"तुम्हीच म्हणायचे पप्पा, पोटात पोकळी असली की गोळा खोटं बोलतो."

"गोळ्याबद्दल म्हणालो मी!" भाऊराव ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. मग दाराकडे बघून हळू बोलू लागले. "माणसाबद्दल नाही म्हणालो. दोन वर्षं घरी बसशील? तुझी आई काय खाऊन गप्प राहील? त्यांना आपण पटत नाही, बेटा. टाकी बिकी निमित्त आहे. सही कर. मी हात जोडतो."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. ज्या हातांनी मला भरीव केलं, ते हात.

मी काय करू शकत होतो? मी तिला ओढत होतो. साडेनऊ किलोनं जेवढं ओढता येतं तेवढं, एका फुटावरून, जीव तोडून. बाप समोर उभा होता, तोही ओढत होता. तुम्हीच सांगा, कोण जड पडणार.

तिनं सही केली. कागद माझ्या स्टँडच्या कडेवर ठेवून केली. पेन दोनदा अडकलं.

दुसऱ्या दिवशी नळ होता. साडेसातला हरींनी वॉल्व खोलला, टाकी भरली आणि तिनं जेवढं ओढायचं तेवढं ओढलं. कागद काहीही म्हणू दे.

पुढे काय झालं तेही ऐका. 'दुरुस्त' केलेल्या प्रकल्पात संबोधीनं ६.६७ लिहिलं. तिचं अक्षर सुंदर, म्हणून तिची पानं काळ्या वहीत जुन्या पानांच्या जागी लागली. यंदा उर्वी नावाच्या मुलीनं तीच पानं उतरवली. "किती नीट लिहिलंय गं ताईनं," असं म्हणत उतरवली. यंत्राची तार परत तुटली, ती कोणी लावली नाही. भाऊराव मला रोज पुसतात, पण पुसताना खिडकीकडे बघतात.

मागच्या आठवड्यात ते हरींना सांगत होते. संबोधीला भंवरकुआंला एका कोचिंगमध्ये नोकरी लागली आहे. एका वर्गात दोनशे मुलं बसतात. "परवा गुरुत्वाकर्षण शिकवलं तिनं," भाऊराव अभिमानानं म्हणाले. "एका पोरानं विचारलं म्हणे, मॅडम, ये नंबर आया कहाँ से? ही म्हणाली, लिख लो, परीक्षा में आता है. सगळ्यांनी खटाखट लिहून घेतलं. वर्ग एकदम कंट्रोलमध्ये असतो तिच्या."

"वा भिया," हरी म्हणाले.

लिख लो. माझी संबोधी म्हणाली, लिख लो.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी म्हणते की माझी काळजी घ्या, मला जपा. मला जपू नका. शिसं कुजत नाही, मी दाराशीही पडून राहीन. माझं काम दुसरं आहे आणि ते मला हात नाहीत म्हणून तुमच्या गळ्यात घालतो. तुमच्या वर्गात एखादीचा आकडा वेगळा आला, तर हसण्याआधी उठा आणि तिच्यासोबत जाऊन बघा. चिखल असला तरी जा. बूट धुता येतात.

आणि तुमच्यापैकी कोणी भंवरकुआंच्या त्या वर्गात बसत असेल, तर त्या मुलाचा प्रश्न पुन्हा विचारा. ती 'लिख लो' म्हणेल. लिहू नका. बाजूचे चिडतील, बस रे म्हणतील. बसू नका. हात वर करून उभे राहा आणि विचारा, मॅडम, हा आकडा आला कुठून? ती फळ्याकडे वळेल, डस्टर उचलेल, पुढचा टॉपिक म्हणेल. तरी उभे राहा.

तिला माहीत आहे.